पंचवीस तासांच्या आत बसवलेले शिक्षण

या प्रकरणातील दोघांची नावे बदलली आहेत आणि उपनगराचे नाव मुद्दाम दिलेले नाही. मेलबर्नच्या पश्चिमेला राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाची ही हकीगत आहे. पेन्शनवर असताना शिकू पाहणाऱ्याला ऑस्ट्रेलियात सरकारकडून काय मिळते, ते कधी मागावे लागते आणि ते मागण्याआधी घड्याळ का बघावे लागते, हे तिच्यातून दिसते. मी अशा कुटुंबांना कागदपत्रांत मदत करते. २०२४च्या मे महिन्यापासून या घराशी माझा संबंध आला.

पार्श्वभूमी

स्मिताताई आणि सुधीरराव २००९मध्ये सांगली जिल्ह्यातून ऑस्ट्रेलियात आले आणि यथावकाश नागरिक झाले. सुधीरराव एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. स्मिताताई बी.कॉम. झालेल्या, मुलगी लहान असताना त्या घरीच राहिल्या, पुढे एका दुकानात अर्धवेळ काम करू लागल्या. ऑक्टोबर २०२१मध्ये वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी सुधीररावांना पक्षाघात झाला. उजवा हात आणि पाय गेले, बोलणे निम्म्यावर आले. आजही 'चहा' म्हणायचे असते तेव्हा आधी 'पाणी' येते, मग ते मान हलवतात आणि पुन्हा शब्द शोधतात.

२०२२मध्ये सुधीररावांना डिसॅबिलिटी सपोर्ट पेन्शन, म्हणजे अपंगत्वाची पेन्शन, सुरू झाली. स्मिताताईंनी नोकरी सोडली आणि त्यांना केअरर पेमेंट मिळू लागले. घरच्या आजारी किंवा अपंग माणसाची सतत काळजी घ्यावी लागते म्हणून ज्याला नीट नोकरी करता येत नाही, त्याच्यासाठी हे पेमेंट आहे. जोडप्यातल्या प्रत्येकाला पेन्शनचा कमाल दर लागू होतो. २०२४च्या सुरुवातीला तो पूरक रकमांसह पंधरवड्याला ८२६.७० डॉलर होता. शिवाय केअरर अलाउन्स, म्हणजे काळजीवाहूचा पूरक भत्ता, वेगळा. वय पासष्टच्या आत असल्याने सुधीररावांना एनडीआयएस, म्हणजे राष्ट्रीय अपंगत्व विमा योजनेतून मदतनीस मिळाला. तो आठवड्यातून काही तास घरी येई.

दोन वर्षे रुग्णालयांत काढल्यावर स्मिताताईंच्या मनात नर्सिंग शिकायचे आले. त्या म्हणाल्या, "रात्री दोन वाजता त्यांना कूस बदलून देताना ती नर्स बाई कशी उभी राहते, कुठे हात देते, हे मी बघत बसायचे. मग मला वाटलं, हे तर मी घरी रोज करतेच आहे."

टेफ म्हणजे व्यवसाय शिक्षण देणारी सरकारी महाविद्यालये. व्हिक्टोरिया राज्याच्या फ्री टेफ योजनेत डिप्लोमा ऑफ नर्सिंग येतो, म्हणजे शिकवणीची फी लागत नाही. हा डिप्लोमा पूर्ण करून नोंदणी झाली की 'एन्रोल्ड नर्स' म्हणून काम करता येते. त्यासाठी किमान ४०० तासांची प्लेसमेंट, म्हणजे रुग्णालयात किंवा वृद्धाश्रमात प्रत्यक्ष काम, करावीच लागते. ५ फेब्रुवारी २०२४ला त्यांचा वर्ग सुरू झाला.

अडचण

मे महिन्यात त्या माझ्याकडे आल्या त्या वेगळ्याच कारणाने. पुस्तके, गणवेश, बूट, पोलीस तपासणी, लसीकरणाचे दाखले, गाडीचे पेट्रोल असा खर्च वाढत चालला होता. शिकवणी फुकट असली तरी शिकणे फुकट नसते. त्यांनी विचारले, "कुणाकडून बिनव्याजी काही मिळेल का?"

मी त्यांना विचारले, "पेन्शनर एज्युकेशन सप्लिमेंट घेताय ना?" त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मी पुढचा प्रश्न विचारलाच नाही.

हा पंधरवड्याला मिळणारा भत्ता आहे. केअरर पेमेंट, डिसॅबिलिटी सपोर्ट पेन्शन, एकट्या पालकाचे पेरेंटिंग पेमेंट अशी ठराविक पेमेंटे घेत असताना जो मान्यताप्राप्त अभ्यासक्रम शिकतो, त्याला तो मिळतो. पूर्णवेळ अभ्यासाच्या निम्मा किंवा जास्त भार असेल तर ६२.४० डॉलर, आणि भार पाव ते निम्म्याच्या दरम्यान असेल तर ३१.२० डॉलर. ही रक्कम वीसहून अधिक वर्षे आहे तिथेच आहे. पेन्शनचा दर मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये महागाईप्रमाणे बदलतो, हा भत्ता बदलत नाही. मला हे मनापासून खटकते. पुस्तकांच्या आणि पेट्रोलच्या किमती वीस वर्षांपूर्वीच्या राहिलेल्या नाहीत. तरीही पंधरवड्याचे ६२ डॉलर या घरात फार मोठे होते, म्हणजे गाडीच्या दोन आठवड्यांच्या पेट्रोलाइतके.

त्यांनी तो मागितला का नाही? कारण नावातच होते. 'पेन्शनर' हा शब्द सरकारी संकेतस्थळावर त्यांच्या डोळ्यांखालून गेलाही होता. पण आपल्याकडे पेन्शन म्हणजे निवृत्तीनंतर मिळणारे पैसे, पेन्शनर म्हणजे सकाळी बँकेच्या रांगेत हयातीचा दाखला घेऊन उभे असलेले आजोबा. "मी सेहेचाळीस वर्षांची, मी कशी पेन्शनर?" असे म्हणून त्यांनी ते पान बंद केले होते. ऑस्ट्रेलियात अपंगत्वासाठी मिळणारा आधारही पेन्शन म्हणवतो, आणि काळजीवाहूचे पेमेंटही पेन्शनच्याच दराने मिळते. हा अर्थ मराठी कानाला सवयीचा नाही. असे नावावरून मागे फिरलेले आणखी काही जण मला नंतर भेटले.

अर्ज २७ मेला गेला. अभ्यासक्रम सुरू होताच अर्ज केला असता तर सुरुवातीपासून पैसे मिळाले असते. सोळा आठवडे, म्हणजे आठ पंधरवडे हातचे गेले. हिशेब ४९९.२० डॉलर. शिवाय कॅलेंडर वर्षातून एकदा मिळणारे २०८ डॉलरचे एज्युकेशन एन्ट्री पेमेंट त्या गडबडीत माझ्याही लक्षातून निसटले. ती चूक माझी.

पण खरी अडचण पैशाची नव्हती. ती त्यांच्या फ्रिजवर लटकत होती. सांगलीहून आलेल्या कालनिर्णयच्या पानावर त्यांनी प्रत्येक आठवड्याशेजारी पेन्सिलने एक आकडा लिहून ठेवला होता: १७, १८, १७, २१. मी विचारले तेव्हा म्हणाल्या, "ते पंचवीसच्या वर जायला नको ना."

त्या वेळच्या नियमानुसार केअरर पेमेंट घेणाऱ्याला नोकरी, शिक्षण आणि स्वयंसेवी काम असे सगळे मिळून आठवड्याला २५ तासच घराबाहेर काढता येत. जाण्यायेण्याचा प्रवासही त्यातच मोजला जाई. त्यापुढे गेले तर हा माणूस सतत काळजी घेत नाही असे धरले जाई आणि पेमेंट धोक्यात येई. नर्सिंगची प्लेसमेंट आठवड्याला ४० तासांची असते. म्हणजे ज्या अभ्यासक्रमासाठी सरकार एका हाताने भत्ता देत होते, त्याचा शेवटचा टप्पा दुसऱ्या हाताच्या नियमात बसत नव्हता.

कोणते पर्याय होते

स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही तीन संध्याकाळी बसलो. सुधीरराव शेजारी असत. बोलणे कमी असले तरी आकड्यांवर त्यांचे बारीक लक्ष असे. चुकीची बेरीज झाली की ते डाव्या हाताने टेबलावर टकटक करत.

पहिला विचार ऑस्टडीचा. पंचविशीपुढच्या पूर्णवेळ विद्यार्थ्यांसाठी ते पेमेंट आहे. त्यात पंचवीस तासांची भानगड नाही आणि डिप्लोमा लवकर संपला असता. पण दोन पेमेंटे एकाच वेळी मिळत नाहीत, त्यामुळे केअरर पेमेंट सोडावे लागले असते. ऑस्टडीची रक्कम त्याहून कमी. ऑस्टडीवर असताना पेन्शनर एज्युकेशन सप्लिमेंट लागू होत नाही, आणि स्मिताताईंचे पेन्शनर कन्सेशन कार्ड, म्हणजे पेन्शनरांचे सवलतीचे कार्डही गेले असते. शिवाय किमान तीन चतुर्थांश भार घ्यावा लागला असता. सुधीररावांना एकदा झटका आला की आठवडा कसा उलटापालटा होतो हे त्या जाणून होत्या, त्यामुळे एवढ्या भाराची हमी त्या देऊ शकत नव्हत्या. त्यांनीच हा पर्याय बाजूला सारला: "पूर्णवेळ विद्यार्थी व्हायला मी पूर्णवेळ मोकळी कुठे आहे?"

दुसरा पर्याय निम्म्या भाराने शिकत राहण्याचा. आठवड्यातून दोन दिवस, रोज सात तास वर्ग. येण्याजाण्याला पन्नास-पन्नास मिनिटे. चौदा तास वर्गाचे आणि साधारण साडेतीन तास प्रवासाचे, म्हणजे साडेसतरा. पूर्णवेळच्या वेळापत्रकात तीन दिवस आठ-आठ तास होते. चोवीस तास वर्ग आणि पाच तास प्रवास धरला की २९. निम्मा भार घेतला तर पेमेंट सुरक्षित राहते आणि भत्त्याचा पूर्ण दर, ६२.४०, तोही मिळतो. वेळ मात्र जवळजवळ दुप्पट लागतो. त्या आधीपासून याच वेळापत्रकात होत्या. कुणी सांगितले म्हणून नाही, घरातून बाहेर राहणे जमत नाही म्हणून. नियमाचे गणित त्यांच्या संसाराच्या गणिताशी योगायोगाने जुळले होते.

तिसरा पर्याय नर्सिंग सोडून वृद्धसेवेचा छोटा सर्टिफिकेट कोर्स करण्याचा. लवकर संपतो, लगेच काम मिळते. त्यावर आम्ही फार बोललो नाही. सुधीररावांनी कागदावर डाव्या हाताने वेडेवाकडे लिहिले: 'नर्स'. चर्चा तिथे संपली.

पहिला निर्णय: भत्ता घ्या, पण कळवायला विसरू नका

ठरले की निम्मा भार, केअरर पेमेंट आणि सप्लिमेंट. अर्ज मायगव्ह या सरकारी संकेतस्थळावरच्या खात्यातून सेंटरलिंककडे, म्हणजे ही पेमेंटे देणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे, गेला. त्यात अभ्यासक्रमाचे नाव, भार आणि सुरुवातीची तारीख द्यावी लागते. स्मिताताईंचा अर्ज मंजूर झाला आणि पैसे पेमेंटबरोबरच खात्यात येऊ लागले. सामाजिक सुरक्षेतली रक्कम असल्याने ती उत्पन्न म्हणून मोजली जाऊन पेन्शन कमी होत नाही. याची त्यांना फार भीती वाटत होती आणि ही भीती मी बहुतेक घरांत पाहते. एक घेतले की दुसरे कापतील, असा ग्रह असतो.

मग ऑगस्ट आला. सुधीररावांना फिट आली आणि ते नऊ दिवस रुग्णालयात होते. स्मिताताईंनी दोनपैकी एक विषय सोडला आणि भार निम्म्याच्या खाली गेला. १२ ऑगस्टपासून त्यांना ३१.२० डॉलरच मिळायला हवे होते, पण खात्यात ६२.४० येत राहिले. असा बदल चौदा दिवसांत कळवायचा असतो. त्या दिवसांत हे सुचणार कुणाला? नोव्हेंबरच्या सुरुवातीला महाविद्यालयाचे पत्र बघताना माझ्या ध्यानात आले. सहा पंधरवडे झाले होते, जास्तीचे १८७.२० डॉलर. आम्ही त्याच दिवशी कळवले आणि कर्जाची नोटीस आली.

ती नोटीस हातात घेऊन स्मिताताई रडल्या. रक्कम छोटी होती. पण सांगलीत त्यांच्या वडिलांनी किराणा दुकानाची उधारी कधी एका दिवसापुढे ठेवली नव्हती, आणि इथे सरकारच्या नोंदीत त्या 'देणेकरी' झाल्या होत्या. मी त्यांना सांगितले की अशी नोटीस म्हणजे फसवणुकीचा आरोप नव्हे, हप्ते ठरवता येतात. पंधरवड्याला पंधरा डॉलर कापून घ्यायचे ठरले. पुढच्या ऑगस्टच्या आत ते फिटलेही. त्या संध्याकाळी मात्र त्यांनी जेवण केले नाही, हे मला मुलीने नंतर सांगितले.

दुसरा निर्णय: प्लेसमेंट आत्ता की नंतर

ऑक्टोबरच्या मध्यावर महाविद्यालयाने पहिल्या प्लेसमेंटची तारीख दिली होती: नोव्हेंबरपासून चार आठवडे, आठवड्याला चाळीस तास, एकूण १६० तास. तीच तारीख बाकी सगळ्या वर्गाची. मैत्रिणी एकमेकींना गणवेशातले फोटो पाठवत होत्या.

या टप्प्यावर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला. तीन वाटा दिसत होत्या. एक, जसे आहे तसे जायचे आणि चार आठवडे पंचवीस तासांच्या वर जायचे. त्यात पेमेंट बंद पडण्याचा धोका. दोन, प्लेसमेंट आठवड्याला दोन-तीन शिफ्टमध्ये विभागून मागायची. आम्ही विचारले. रुग्णालयाच्या रोस्टरमध्ये विद्यार्थ्यांचा गट एकत्रच घेतात, असे उत्तर आले. आणि तीन, थांबायचे.

थांबण्याला कारण होते. मे २०२४च्या अर्थसंकल्पात सरकारने जाहीर केले होते की २० मार्च २०२५पासून केअरर पेमेंटचा पंचवीस तासांचा नियम बदलणार. त्याऐवजी चार आठवड्यांत १०० तास, आणि तेही फक्त नोकरीचे. शिक्षण, स्वयंसेवी काम आणि प्रवास यांची मोजणी बंद. मर्यादा ओलांडली तरी पेमेंट सरळ रद्द न करता सहा महिन्यांपर्यंत थांबवून ठेवायचे, म्हणजे पुन्हा सुरू करताना पहिल्यापासून अर्ज नको.

माझे मत थांबावे असे होते. स्मिताताईंचे मत जावे असे. त्यांचा युक्तिवाद साधा होता आणि तो खोटा नव्हता: "तुम्ही मार्च म्हणता. पण तोवर हे कसे असतील, मी कशी असेन, कुणाला माहीत? आज शरीर साथ देतंय तर आजच करू दे." माझ्याकडे याला उत्तर नव्हते, फक्त आकडे होते. त्यांचे पेमेंट महिनाभर जरी अडकले तरी घरभाड्याला काय करायचे, हा प्रश्न मी विचारला. सुधीररावांनी टेबलावर टकटक केली आणि कालनिर्णयच्या मार्चच्या जागेकडे बोट दाखवले. त्या वर्षीचा मार्च केव्हाच उलटला होता, पण त्यांना म्हणायचे होते ते आम्हा दोघींना कळले.

त्या थांबल्या. याची किंमत त्यांनी मोजली. वर्गातल्या बाकीच्या पुढे गेल्या, त्यांचा गट बदलला, पदविका सुमारे सहा महिने लांबली. पैशाच्या दृष्टीने तो निर्णय योग्य होता असे मी आजही म्हणेन. पण नोव्हेंबरातले ते चार आठवडे त्यांनी ज्या उदास शांततेत काढले, ते पाहून मला वाटले की नियम बदलायला एवढी वर्षे का लागावीत. काळजी घेणारी बाई शिकायला गेली म्हणून काळजी कमी होत नाही. संध्याकाळी सात वाजता परतल्यावर औषधे तीच देते, रात्री दोनदा उठते तीही तीच. पूर्वीच्या नियमात रस्त्यावर रखडलेली बससुद्धा तिच्या खात्यात लिहिली जात होती.

काय झाले

जानेवारी २०२५मध्ये आम्ही वर्ग सुरू व्हायच्या आधी कागद हातात घेतले. निम्मा भार पुन्हा झाला होता, म्हणून भत्ता परत ६२.४० झाला. त्या वर्षीचे २०८ डॉलरचे एज्युकेशन एन्ट्री पेमेंट वेळेत मागितले आणि मिळाले. त्यातून त्यांनी नवे बूट घेतले. जुन्यांचा तळ उजव्या बाजूने झिजला होता, कारण सुधीररावांना उठवताना त्या सारा भार त्याच पायावर घेतात.

२० मार्चला नियम बदलला. मे-जूनमध्ये पहिली प्लेसमेंट झाली, १६० तास, एका वृद्धाश्रमात. तासांची मोजणी संपली असली तरी सतत काळजी घेण्याची मूळ अट कायम होती, त्यामुळे घराची व्यवस्था नीट लावावी लागली. एनडीआयएसच्या आराखड्यातले मदतनिसाचे तास त्या आठवड्यांसाठी पुढेमागे केले. काळजीवाहूंसाठी असलेल्या केअरर गेटवे सेवेतून काही दिवसांचा पर्यायी आधार मिळाला. सकाळची औषधे आणि आंघोळ निघण्याआधी, रात्रीचे सगळे परतल्यावर, हे मात्र त्यांनी कुणाला दिले नाही.

दुसरी प्लेसमेंट, २४० तासांची, ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये होती. इथे थांबण्याचा एक फायदा झाला. १ जुलै २०२५पासून कॉमनवेल्थ प्रॅक पेमेंट सुरू झाले. शिक्षक, नर्स, सुईण, समाजसेवक होऊ पाहणाऱ्यांना सक्तीच्या प्लेसमेंटच्या काळात मिळणारे हे पैसे आहेत. डिप्लोमा ऑफ नर्सिंगच्या विद्यार्थ्यांचाही त्यात समावेश आहे. आठवड्याला ३३१.६५ डॉलर. सहा आठवड्यांचे करापूर्वी १,९८९.९० झाले. नोव्हेंबर २०२४मध्ये गेल्या असत्या तर प्लेसमेंट बिनपैशाची झाली असती. मी हे पुढे पाहून सांगितले होते असे मात्र म्हणणार नाही. माझी नजर तेव्हा फक्त मार्चवर होती.

डिसेंबर २०२५मध्ये त्या उत्तीर्ण झाल्या. निकालाचा ईमेल आला तेव्हा त्या सुधीररावांची दाढी करत होत्या. त्यांनी फेस पुसला, फोन त्यांच्यासमोर धरला, आणि सुधीररावांच्या तोंडून पहिल्याच खेपेला बरोबर शब्द आला: "नर्स."

मागे वळून पाहताना

दाखल होण्याच्या दिवशी कुणीतरी विचारायला हवे होते: तुम्हाला सरकारकडून कुठले पेमेंट मिळते? त्या एका प्रश्नाने ४९९ डॉलर वाचले असते. आता कुठलेही कुटुंब माझ्याकडे आले की मी शिक्षणाचा विषय निघण्याआधीच हा प्रश्न विचारते, आणि 'पेन्शनर' शब्दाचा अर्थ आधी समजावून सांगते. भत्त्याचे मराठी नाव सांगायचे तर मी 'शिकणाऱ्याचा जोडभत्ता' म्हणते. लोकांना ते लगेच कळते.

भार बदलला की कळवण्याचे काम मी आता त्यांच्या एकट्याच्या आठवणीवर सोडत नाही. घरात आजारी माणूस असेल तर सत्राच्या मध्यावर एखादा विषय सुटणारच, हे गृहीत धरायचे. त्यामुळे प्रत्येक सत्राच्या चौथ्या आठवड्याला मी एक फोन ठेवला आहे: भार तोच आहे ना?

प्लेसमेंट विभागून मिळेल का, हे आम्ही ऑक्टोबरमध्ये विचारले. ते मे महिन्यातच विचारायला हवे होते, वेळापत्रक ठरायच्या आधी. उत्तर कदाचित तेच आले असते, पण स्मिताताईंना पाच महिने आधी कळले असते की पुढे अडथळा आहे. त्यांना सर्वांत जास्त लागले ते शेवटच्या क्षणी कळल्याने.

आणि ज्या निर्णयात माझे मत त्यांच्या मनाविरुद्ध होते, तिथे मी जरा जास्त जोर लावला का, हे मी अजून तपासत असते. पैशाचा हिशेब मला येतो. पण आज शरीर साथ देतेय ही भावना कुठल्याही तक्त्यात बसत नाही, आणि तिचे वजन किती धरायचे हे त्यांनीच ठरवायचे होते.

सध्याची स्थिती

नोंदणी झाल्यावर स्मिताताईंना एका वृद्धाश्रमात आठवड्याला तीन शिफ्टचे काम देऊ केले आहे, आठ-आठ तासांचे. चार आठवड्यांचे ९६ तास. जोडप्याच्या एकत्रित उत्पन्नातले पंधरवड्याला ३८० डॉलर मोकळे सुटतात आणि त्यापुढच्या प्रत्येक डॉलरमागे दोघांच्या मिळून पेन्शनमधून ५० सेंट कमी होतात. पेमेंट घटेल, पण घरात येणारी एकूण रक्कम वाढेल. हा हिशेब त्यांनी स्वतः करून मला पाठवला. कालनिर्णयवरचे आकडे आता पंचवीसचे नाहीत. प्रत्येक चौथ्या रविवारी '९६' लिहिले आहे आणि शेजारी छोटे '४ उरले'.

गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला तो सुधीररावांसाठी. त्यांना संगणकावर डाव्या हाताने रेखाटन शिकायचे आहे, टेफमध्ये, आठवड्याला एकच दिवस. डिसॅबिलिटी सपोर्ट पेन्शनवरच्या माणसाला पूर्णवेळच्या पाव भाराचा अभ्यास असला तरी हा भत्ता मागता येतो. वर्ग सुरू व्हायला पाच आठवडे आहेत. अर्ज या शनिवारी भरायचा ठरला आहे. सुधीररावांनी नावाच्या रकान्यात स्वतः सही करायचा सराव सुरू केला आहे.